अठ्ठावन्नवरचा काटा

नॉर्समनच्या माझ्या गॅरेजात व्हर्ना ट्रेस्ट्रेल
आपली होल्डन घेऊन आली, एकोणीसशे चौसष्टची,
दुधात चिमूटभर हळद पडावी तसा रंग,
आणि म्हणाली, आंते, हिला क्रूझ कंट्रोल बसव.
मी हातातला पाना खाली ठेवला.

जुन्या गाडीदेखत असं बोलू नये.

म्हणाली, हा गुडघा आता पर्थच्या डॉक्टरचा,
माझा नाही. शंभर मैलांनंतर
आपलंच बोलायला लागतो.
बहीण सेडूनाला. मध्ये साडेसातशे मैल,
त्यातले नव्वद तर इतके सरळ
की स्टिअरिंगलाही जांभई येते.
नवी टोयोटा घे की, मी म्हणालो.
तिने अशी पाहिली माझ्याकडे
जशी काही मी बहीणच बदलायला सांगितली.

मग खोकं उघडलं.
चहाच्या मगाएवढा डबा, इंजिनच्या ओढीवर चालणारा,
आणि बेसिनच्या बुचाला असते तसली मण्यांची साखळी:
तिचं दुसरं टोक कार्ब्युरेटरच्या दांडीला.
एक मणी सैल ठेवायचा.
दोन ठेवले तर गाडी चढावर विचार करत बसते.
खाली शाफ्टवर दोन लोहचुंबक,
त्यांच्यासमोर तारेचं एक वेटोळं, फेऱ्या ऐकत राहणारं.
आणि ब्रेकच्या दिव्याकडून एक फाटा,
पाय नुसता लागला तरी सगळं सुटलं पाहिजे.
हे मी तीनदा तपासलं.
लग्नाच्या वेळी इतकं तपासलं असतं तर...
असो.

राहिलं एकच काम, ज्याला हात धजेना.
इंजिन आणि माणसं यांच्यामधला तो पत्रा.
कारखान्यातून आला तसाच, असं मी वीस वर्षं
येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगत आलो होतो.
खडूने फुली मारली. ड्रिल उचललं. ड्रिल ठेवलं.
म्हटलं आतली चटई तरी काढू आधी.

फुलीच्या डावीकडे दोन बोटांवर
रबराचं बूच.

ओढलं तर मागे गंजलेल्या तारेचा वीतभर तुकडा,
ट्रॅक्टरच्या चोकची असते तशी.
व्हर्ना बाहेर पिंपावर बसून चहा पीत होती.
आत वाकून तिने पाहिलं आणि कप कलंडला.
डॅडचं, म्हणाली.
लोकरीची प्रत ठरवायला फिरायचे ते, या शेडातून त्या शेडात.
इथे खाली एक खुंटी होती, आम्ही हात लावायचा नाही.
खेचली की गाडी आपली चालत राहायची,
आणि डॅड दोन्ही पाय लांब करून तंबाखू वळायचे.
मी विचारलं, आणि कांगारू आडवा आला तर?
खुंटी आत ढकलायची, मग ब्रेक.
एवढा वेळ कांगारू देतो?
एकदा नाही दिला, ती म्हणाली,
आणि डाव्या मडगार्डवर नखाने टकटक केली.
आवाज पत्र्याचा नव्हता. लांबीचा होता.
वीस वर्षं!

त्याच भोकातून माझी तार नेली.
बिलात भोकाचे पैसे लावता आले नाहीत.

बॅलाडोनियाच्या पुढे तिने अठ्ठावन्न गाठले,
बटण दाबलं, पाय उचलला.
पाय बिचारा अधांतरी,
बसा म्हणायला कुणी नाही अशा पाहुण्यासारखा.
मग हळूच डाव्या पायाशेजारी जाऊन टेकला.
काटा अठ्ठावन्नवर.
दोन्ही बाजूंना खारट, राखाडी झुडपं, मागे मागे.
किंचित चढ आला
आणि पेडल आपण होऊन खाली गेलं,
बोटभर,
कुणी सवयीने दाबावं तसं.
तिने खाली पाहिलं. मी खिडकीबाहेर.

समोरून तीन डब्यांचा ट्रक धडधडत आला.
तिचा पाय ब्रेकला जेमतेम लागला,
खट्.
सुटलं, ती म्हणाली.
सुटतं, मी म्हणालो.
त्यांचं सुटत नव्हतं.

ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत
ती पायानेच चालवत राहिली.
मग काचा थोड्या वर घेतल्या
आणि बटण पुन्हा दाबलं.